फ्रँकलिन यांचे पाच सेंटचे तिकीट : काकांच्या वहीतली नोंद खरी मानावी का?

वसुधा_मिरज

नमस्कार. माझे काका रेल्वे टपाल सेवेत, म्हणजे आपण ज्याला आरएमएस म्हणतो त्या खात्यात, मिरजेला पत्रांच्या वर्गवारीच्या कामावर होते. गेल्या वर्षी ते वारले. त्यांच्या तिकिटांच्या चार वह्या काकूंनी माझ्याकडे द्यायचे ठरवले आहे. मागच्या महिन्यात मिरजेला गेले असताना एका संध्याकाळी मी त्या चाळल्या. दिवे गेलेले होते आणि मोबाइलच्या उजेडात जेवढे दिसले तेवढेच पाहता आले. दुसऱ्या वहीत एका पूर्ण पानावर एकच तिकीट लावलेले आहे. चारही बाजूंना दातेरी कड नाही, कात्रीने कापल्यासारखी सरळ आहे. मधल्या लंबगोलात बेंजामिन फ्रँकलिन यांचे चित्र, वरच्या कोपऱ्यांत इंग्रजी ‘यू’ आणि ‘एस’, खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पाचाचा आकडा. खाली काकांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे : ‘अमेरिकेचे पहिले तिकीट. १८४७.’

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, हे तिकीट खरोखरच १८४७चे असू शकते का? एका प्रदर्शनातील विक्रेत्याला मी तोंडी वर्णन सांगितले, तेव्हा त्याने हसून ‘चारही वह्या आणा, एकदमच हिशेब करू’ असे म्हटले आणि ते मला आवडले नाही. दुसरा प्रश्न अधिक कुतूहलाचा आहे. फ्रँकलिन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कधीच नव्हते. मग देशाच्या पहिल्या तिकिटाचा मान त्यांना कसा मिळाला?

खवचट_खापर

विक्रेता हसला म्हणजे एकतर तिकिटात काहीच नाही किंवा फारच आहे. दोन्ही वेळा ते लोक सारखेच हसतात, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

चिमटा_आणि_भिंग

वसुधाताई, वर्णनावरून चित्र ओळखीचे वाटते, परंतु त्या चित्राची तिकिटे एकाहून अधिक वेळा छापली गेली आहेत, त्यामुळे घाईने आनंद मानू नये आणि निराशही होऊ नये.

अमेरिकेच्या संघीय टपाल खात्याने देशभर चालणारी पहिली दोन तिकिटे १ जुलै १८४७ रोजी आणली. पाच सेंटच्या तिकिटावर फ्रँकलिन आणि दहा सेंटच्या तिकिटावर जॉर्ज वॉशिंग्टन. दोन्ही तिकिटे न्यूयॉर्कच्या रॉडन, राइट, हॅच अँड एडसन या छापखान्याने पोलादी पत्र्यावर कोरून छापली. चित्राच्या तळाशी त्या मालकांच्या आडनावांची आद्याक्षरे इतकी बारीक कोरलेली आहेत की चांगल्या भिंगाशिवाय ती रेघेसारखीच दिसतात. दातेरी कड तेव्हा नव्हतीच. टपाल कचेरीत तिकिटे कात्रीने कापून दिली जात, म्हणून चारही बाजूंना पुरेसा कोरा कागद राहिलेले तिकीट आज अधिक मोलाचे मानले जाते.

पुढे १८७६च्या फिलाडेल्फियातील शताब्दी प्रदर्शनासाठी सरकारला जुनी तिकिटे मांडायची होती. मूळ ठसे तोवर नष्ट केलेले होते, म्हणून १८७५ मध्ये नवे ठसे कोरून प्रतिकृती छापण्यात आल्या. या प्रतिकृतींना डिंक नव्हता आणि त्या टपालासाठी चालतही नव्हत्या.

दोहोंतला फरक फ्रँकलिन यांच्या सदऱ्याच्या पांढऱ्या झालरीवरून कळतो. झालरीची डावी कड लंबगोलाला जिथे टेकते ती जागा पाहावी. मूळ तिकिटात ती खालच्या ‘फाइव्ह’ या शब्दातील पहिल्या अक्षराच्या माथ्याच्या पातळीवर येते, तर प्रतिकृतीत साधारण पाचाच्या आकड्याच्या माथ्याच्या पातळीवर. हे वाचून सोपे वाटते, पण डोळ्यांना सवय होईपर्यंत दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावे लागते.

तथापि या सगळ्याआधी एक साधा प्रश्न विचारतो. तिकिटाचा रंग कोणता आहे?

वसुधा_मिरज

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. रंग ‘गडद’ एवढेच आठवते. वह्या मिरजेला आहेत आणि मी बेंगळुरूला. काकूंना फोनवर विचारले तर त्या म्हणाल्या, ‘मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतर विचार.’ दोन आठवड्यांनी मी स्वतःच जाणार आहे, तेव्हा नक्की सांगते.

जुना_टपाली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. टपाल खात्यात माझी चौतीस वर्षे गेली, त्यामुळे हा माणूस मला राजकारणी म्हणून नव्हे, खात्याचा माणूस म्हणून जवळचा वाटतो.

फ्रँकलिन १७३७ मध्ये फिलाडेल्फियाचे पोस्टमास्तर झाले. १७५३ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना आणि व्हर्जिनियाच्या विल्यम हंटर यांना मिळून सर्व वसाहतींच्या टपालाचे उपमहापोस्टमास्तर नेमले. दोघांना मिळून वर्षाला ६०० पौंड पगार ठरला होता, मात्र तोही टपालाच्या नफ्यातून निघाला तरच. फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की पहिल्या चार वर्षांत खाते त्या दोघांचेच ९०० पौंडांहून अधिक देणे लागत होते. नंतर मात्र कारभार इतका सुधारला की आयर्लंडच्या टपालापेक्षा तिप्पट निव्वळ उत्पन्न राजाच्या तिजोरीत जाऊ लागले. फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान रात्रीही स्वार धावू लागले. १७६३ मध्ये त्यांनी टपालमार्गांच्या पाहणीसाठी सुमारे १६०० मैलांचा दौरा केला. आमच्या काळात साहेबाची तपासणी म्हणजे चहा, फरसाण आणि सहीचा दिवस असे, म्हणून हा आकडा मी कौतुकाने लिहीत आहे.

१७७४ मध्ये वसाहतींची बाजू घेतल्याच्या रागातून ब्रिटिशांनी त्यांना काढून टाकले. पुढच्याच वर्षी, २६ जुलै १७७५ रोजी, वसाहतींच्या काँग्रेसने त्यांना पहिले महापोस्टमास्तर नेमले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यानंतर जवळजवळ वर्षभराने आला. म्हणजे त्या देशाचे टपाल देशाच्या आधी जन्मले. आता सांगा, पहिल्या तिकिटावर दुसरे कोण शोभले असते?

पाऊलवाट

टपालीकाका, आदर राखून असहमती नोंदवते. खात्याच्या माणसांचा खात्याविषयीचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फिलाडेल्फियाचे आधीचे पोस्टमास्तर अँड्र्यू ब्रॅडफर्ड हे स्वतः वृत्तपत्र काढत आणि टपालाच्या स्वारांना फ्रँकलिन यांचे वृत्तपत्र नेऊ देत नसत. फ्रँकलिन स्वारांना गुपचूप पैसे देऊन आपले अंक पाठवत. पुढे ते पद त्यांना मिळाले तेव्हा पगार थोडा असला तरी त्यांच्या वृत्तपत्राचा खप आणि जाहिराती वाढल्या, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. वरिष्ठ झाल्यावर फिलाडेल्फियाच्या कचेरीत त्यांनी आपला मुलगा विल्यम याला बसवले आणि १७७६ मध्ये महापोस्टमास्तराचे पद सोडले तेव्हा त्यावर जावई रिचर्ड बाश आले.

दुसरे असे की त्यांच्या घरी गुलाम होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. उतारवयात ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर त्यांनी सही केली, हेही तितकेच खरे आहे. तिकिटावरचा चेहरा पाहताना या दोन्ही गोष्टी डोळ्यांपुढे असाव्यात, एवढेच माझे म्हणणे.

खवचट_खापर

मुलगा, जावई, स्वारांचे हात ओले करणे. अहो, हे तर आपल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन निघाले.

जुना_टपाली

पाऊलवाट यांचे दोन्ही मुद्दे मान्य आहेत. मी केवळ टपालापुरते बोलत होतो. वृत्तपत्रांविषयी थोडे जोडतो. पुढे फ्रँकलिन आणि हंटर यांनी सर्वच वृत्तपत्रांना ठरावीक दरात टपालाने जाण्याची मुभा दिली. ज्या दाराबाहेर आपण ताटकळलो ते दार पुढे इतरांसाठीही उघडायचे, हे सगळ्यांना जमत नाही.

शाईवाला

मी छपाईच्या धंद्यातला आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे रुक्ष वाटेल. १८४७च्या कायद्याने तिकिटे काढण्याचा अधिकार महापोस्टमास्तरांना दिला. त्यावर कोणाचे चित्र असावे हे कायद्यात लिहिलेले नव्हते. तेव्हाचे महापोस्टमास्तर केव्ह जॉन्सन यांना तिकिटे लवकर हवी होती आणि ज्यांना काम मिळाले ते मूळचे बँकेच्या नोटा छापणारे. नोटांसाठी वापरात असलेली फ्रँकलिन आणि वॉशिंग्टन यांची कोरीव चित्रे त्यांच्या हाताशी होतीच. शिवाय दोघेही दिवंगत, सर्वमान्य आणि तत्कालीन पक्षभांडणांच्या पलीकडचे. हाताशी तयार ठसा असताना कोणताही छापखानदार दुसऱ्या चेहऱ्याचा आग्रह धरत नाही.

कोरीव छपाईविषयी एक गोष्ट सांगतो, कारण वसुधाताईंना ती पडताळताना उपयोगी पडेल. या पद्धतीत शाई पत्र्यावर कोरलेल्या खाचांत भरतात, वरचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि मग ओलसर कागद प्रचंड दाबाखाली त्यावर बसवतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो, त्यामुळे रेघा कागदावर किंचित उठून येतात. चित्र प्रकाशात तिरके धरले तर फ्रँकलिन यांच्या केसांच्या रेघा उंचवट्यासारख्या दिसतात. पुस्तकातून किंवा पत्रिकेतून कापलेले साधे छापील चित्र सपाट दिसते आणि भिंगाखाली त्यात ठिपके दिसतात. मात्र मूळ तिकीट आणि नंतरच्या सरकारी आवृत्त्या, सगळ्याच कोरीव आहेत, तेव्हा एवढ्याने निकाल लागणार नाही.

चिमटा_आणि_भिंग

शाईवाला यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. चित्र हाताशी होते हे खरे, पण नोटांच्या छापखान्यात चेहरे काही दोनच नसतात. त्यांतून नेमके फ्रँकलिन निवडले गेले, त्यामागे खात्याच्या पहिल्या प्रमुखाचा मान असणारच, असे मला वाटते.

दशमान

दर कसा ठरला याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. त्या तिकिटाचे खरे सौंदर्य मला त्या पाचाच्या आकड्यातच दिसते.

१८४५ पूर्वी अमेरिकेत पत्राचा दर कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरत असे. एका कागदाच्या पत्राला ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४०० मैलांपलीकडे २५ सेंट, मध्ये साडेबारा आणि पावणेएकोणीस सेंट असे विचित्र टप्पे. पाकीट म्हणजेही एक जादा कागद, म्हणून लोक पत्राचीच घडी घालून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहीत. १८४५च्या सुधारणेने हा घोळ संपवला आणि अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला ३०० मैलांच्या आत पाच सेंट व त्यापुढे दहा सेंट असे दोनच दर ठेवले. दोन दर, म्हणून दोन तिकिटे.

जवळची पत्रे जास्त, म्हणून पाच सेंटची तिकिटे सुमारे ३७ लाख छापली गेली आणि दहा सेंटची ९ लाखांहून कमी. स्वस्त तिकीट फ्रँकलिन यांना दिले म्हणजे दुय्यम मान दिला असे कोणाला वाटत असेल, तर हे प्रमाण पाहावे. टपालातून त्यांचाच चेहरा चौपट फिरला. दहा सेंटचे तिकीट हाताशी असेल आणि पाचाचे संपले असेल, तर काही जण वॉशिंग्टन यांना कर्णरेषेत कापून अर्धे तिकीट लावत. अशी अर्धी तिकिटे असलेली पाकिटे आज फार किमतीला जातात.

मालतीबाई_जोगळेकर_नव्हे

एक शंका. तिकिटे आल्यावर लोकांनी ती लगेच वापरायला सुरुवात केली का? आमच्या घरी आजीच्या माहेरून नेहमी नॉटपेड, म्हणजे तिकीट न लावलेले, पत्र येई आणि आजोबा पोस्टमनला दुप्पट पैसे देताना चिडत, पण पत्र परत कधी पाठवले नाही.

दशमान

उत्तम प्रश्न. अमेरिकेतही तेव्हा बहुसंख्य पत्रे ‘नॉटपेड’च असत, फरक एवढाच की त्यात दंड नव्हता. पैसे पाठवणाऱ्याने द्यावेत की घेणाऱ्याने, हे पाठवणाऱ्याच्या मर्जीवर होते. आधीच पैसे भरणे म्हणजे समोरच्याला दोन पैसे परवडत नाहीत असे सुचवणे, असेही काहींना वाटे. १८५१ मध्ये आधी पैसे भरल्यास ३ सेंट आणि न भरल्यास ५ सेंट असा फरक केला, तेव्हा लोक हळूहळू वळले. १८५५ मध्ये आधी पैसे भरणे सक्तीचे झाले आणि १८५६च्या सुरुवातीपासून तिकीट लावणे.

१८५१च्या त्या नव्या दरांमुळे पाच आणि दहा सेंटची तिकिटे निकामी झाली आणि १ जुलै १८५१ पासून रद्दही करण्यात आली. जेमतेम चार वर्षांचे आयुष्य. नंतर एखाद्याने जुने तिकीट पाकिटाला लावले असेल तर कायद्याने ते नुसता रंगीत कागद ठरले.

फिलीकर

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. तिथे मार्केट स्ट्रीटवर फ्रँकलिन यांच्या जुन्या घराच्या जागेला लागून एक टपाल कचेरी आहे. तिचे नाव ‘बी. फ्री फ्रँकलिन’. पदामुळे फ्रँकलिन यांना पत्रे मोफत पाठवता येत आणि त्यासाठी पाकिटावर ‘फ्री’ हा शब्द व सही करावी लागे. स्वातंत्र्याच्या काळात त्यांनी तो शब्द आपल्या नावाच्या मधोमध घालून ‘बी. फ्री फ्रँकलिन’ अशी सही सुरू केली, म्हणजे ‘स्वतंत्र हो’ असेही वाचता यावे. त्या कचेरीत आजही हाताने तोच शिक्का मारून देतात. आईला मी तिथून एक पाकीट नाशिकला पाठवले होते. खिडकीतल्या बाईंनी ठसा शाईच्या गादीवर दोनदा दाबला, एका जुन्या कागदावर उमटवून पाहिला आणि मगच माझ्या पाकिटावर मारला. ते पाकीट पोहोचायला एकवीस दिवस लागले, पण शिक्का स्वच्छ होता.

थोड्याच अंतरावर क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत त्यांची सपाट शिळा आहे. लोक तिच्यावर एक सेंटची नाणी टाकतात.

पाऊलवाट

एक सेंटचा उल्लेख आलाच आहे म्हणून एक गंमत. १८५१च्या नव्या मालिकेत साध्या पत्राचे तीन सेंटचे तिकीट वॉशिंग्टन यांना मिळाले आणि फ्रँकलिन एक सेंटच्या निळ्या तिकिटावर गेले. पुढच्या अनेक दशकांत मालिका बदलल्या, छापखाने बदलले, पण एक सेंटवर बहुधा तेच राहिले. १९३८च्या मालिकेत तर ते अर्ध्या सेंटवर आले. पाचावरून एकावर आणि एकावरून अर्ध्यावर. नोटेवर मात्र १०० डॉलरला हात लावायचा तर आजही त्यांचाच चेहरा दिसतो.

शाईवाला

त्या एक सेंटच्या निळ्या तिकिटाविषयी थोडे सांगू द्या. पत्र्यावर शेजारी-शेजारी २०० चित्रे बसवताना जागा कमी पडली, म्हणून चित्राच्या वरच्या-खालच्या नक्षीची टोके काही ठिकाणी कापली गेली, काही ठिकाणी झिजलेली पुन्हा कोरली गेली. परिणामी तेच तिकीट नक्षीच्या टोकांवरून अनेक प्रकारांत विभागले जाते. नक्षी चारही बाजूंना पूर्ण उतरलेला दुर्मीळ प्रकार पहिल्या पत्र्यावर केवळ एकाच जागी होता, उजव्या भागातील सातव्या चित्रात. बाकीचे १९९ शेजारी त्या मानाने सामान्य.

दशमान

आणि १८६८चे ‘झेड ग्रिल’? तेही एक सेंटचे निळे फ्रँकलिनच. लोक वापरलेल्या तिकिटांवरची शाई धुऊन ती पुन्हा लावतात अशी खात्याला धास्ती होती. त्यावर चार्ल्स स्टील यांची युक्ती अशी की तिकिटाच्या कागदावर लहान उंचवट्यांची जाळी दाबायची, म्हणजे तंतू तुटतात आणि शिक्क्याची शाई आत मुरते. जाळीच्या आकारानुसार अभ्यासकांनी तिला इंग्रजी अक्षरे दिली. ‘झेड’ जाळी साधारण ११ गुणिले १४ मिलिमीटरची आणि तिचे उंचवटे आडवे आहेत. ही जाळी असलेली एक सेंटची दोनच तिकिटे आज ज्ञात आहेत. एक न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहातले. दुसरे २००५ मध्ये संग्राहक बिल ग्रॉस यांनी, विमान चुकून उलटे छापले गेलेल्या प्रसिद्ध चार तिकिटांच्या बदल्यात घेतले आणि जून २०२४ मध्ये ते लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरला गेले.

मालतीबाई_जोगळेकर_नव्हे

शिक्का न बसलेले तिकीट किटलीच्या वाफेवर धरून सोडवणारे माझे आजोबा हे वाचायला हवे होते. त्यांच्यापायी अमेरिकेने यंत्र काढले असते.

जुना_टपाली

मालतीबाई, खात्यात असताना हे वाचले असते तर मला कारवाई करावी लागली असती. आता निवृत्त आहे.

१ जुलै या तारखेवरून थोडे आपल्याकडचे सांगतो. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात अर्ध्या आण्याचे ‘सिंध डाक’ तिकीट निघाले, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता आणि ते काढणारे आयुक्त बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यावर कोणाचाच चेहरा नव्हता, कंपनीचे चिन्ह होते. १८५४ मध्ये हिंदुस्थानभरची तिकिटे आली तेव्हा अंतराचा हिशेबच काढून टाकला होता. अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे पत्र कुठेही जाई. दूर-जवळचा हिशेब आपण त्यांच्याआधी सोडला, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अवांतर संपले. वसुधाताई, तुमचे काका आरएमएसचे, म्हणून एक विचारतो. वहीत तिकिटे कशी लावली आहेत? आमच्या पिढीत विकतच्या चिकटपट्ट्या महाग पडत, म्हणून तिकिटांच्या तावाची कडेची डिंक असलेली कोरी पट्टी कापून, तिची घडी घालून तीच तिकिटामागे लावत असू. त्या पट्ट्यांवरूनही पुष्कळ कळते. तिकीट उचलून पाहा, पण ओढू नका.

वसुधा_मिरज

मिरजेहून लिहीत आहे. सर्वांचे प्रतिसाद छापून सोबत आणले होते. काल दुपारी खिडकीशी बसून वही उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून जात नाही.

रंग निळा आहे. स्वच्छ, गडद निळा.

खवचट_खापर

निळा! फ्रँकलिन! ४४ लाख डॉलर! वसुधाताई, आपली ओळख जुनी आहे, विसरू नका.

दशमान

खापरराव, ते एक सेंटचे, दातेरी कडेचे आणि वेगळ्या चित्राचे तिकीट. इथे दोन्ही कोपऱ्यांत पाच आहे.

पण एक शंका आहे. पावणेदोनशे वर्षांत मूळ रंग बदलून निळा झाला असेल, असे होऊ शकते का?

चिमटा_आणि_भिंग

नाही. १८४७च्या पाच सेंटच्या तिकिटाचा रंग लालसर तपकिरी. त्यात फिकट, गडद, नारिंगीकडे झुकणाऱ्या अशा अनेक छटा आहेत आणि तपकिरी शाई काळाने काळवंडूही शकते, पण निळी होत नाही. १८७५ची प्रतिकृतीही तपकिरीच आहे, म्हणून झालर पाहण्याचीही आता गरज उरली नाही.

हे तिकीट १९४७चे आहे. पहिल्या तिकिटांच्या शताब्दीनिमित्त न्यूयॉर्कला मे १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्यासाठी अमेरिकेने एक छोटी स्मरणपत्रिका काढली. डावीकडे पाच सेंटचे फ्रँकलिन, उजवीकडे दहा सेंटचे वॉशिंग्टन, चित्रे जुनीच, पण जुन्या तिकिटांशी गल्लत होऊ नये म्हणून रंग मुद्दाम बदललेले : फ्रँकलिन निळे आणि वॉशिंग्टन नारिंगीसर तपकिरी. दातेरी कड नाही, भोवती मजकूर, किंमत १५ सेंट. या पत्रिका एक कोटीहून अधिक विकल्या गेल्या. लोक त्यांतून तिकिटे कापून पत्रांनाही लावत. वसुधाताई, पैशांत याची किंमत फारशी नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. विक्रेत्याने वर्णनावरूनच ते ओळखले असावे. मात्र त्यामुळे चारही वह्या एकदम द्याव्यात असे होत नाही.

वसुधा_मिरज

आभार. मला वाईट वाटले नाही, उलट एक गोष्ट उलगडली. टपालीकाकांनी सांगितल्याप्रमाणे मी चिमट्याने तिकिटाची खालची कड हलकेच उचलली. मागे विकतची चिकटपट्टी नाही, घडी घातलेली कागदाची पट्टी आहे आणि तिच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजी छपाई आहे. शब्द अर्धवट कापलेले आहेत, पण ‘न्यूयॉर्क’ आणि ‘१९४७’ स्पष्ट वाचता येते. पुढच्या पानावर, जिथे मी त्या दिवशी पोहोचलेच नव्हते, दहा सेंटचे वॉशिंग्टन आहेत, तपकिरी-नारिंगी, आणि मागे तशीच पट्टी. खाली लिहिले आहे : ‘दुसरे तिकीट. १८४७.’

जुना_टपाली

म्हणजे पत्रिका त्यांनी स्वतः कापली आणि तिचीच कड पट्टी म्हणून वापरली. वर्गवारीच्या टेबलावर बसणारा माणूस कागदाचा एवढासा तुकडाही वाया घालवत नाही. त्यांना वर्ष ठाऊक होते, ताई. नोंद चित्राची आहे, कागदाची नाही.

वसुधा_मिरज

मलाही तसेच वाटते. काकूंना विचारले तर त्या म्हणाल्या, ‘ते पान दाखवताना नेहमी म्हणायचे, हा आमच्या खात्याचा मूळपुरुष.’ त्यांच्या नोंदीखाली मी पेन्सिलीने ‘१९४७च्या स्मरणपत्रिकेतून’ एवढेच लिहावे असे म्हणते. चालेल ना?

चिमटा_आणि_भिंग

जरूर लिहा. पेन्सिल मऊ, टूबी घ्या, तिकिटापासून दोन बोटे अंतर ठेवा आणि इतर पानांच्या गठ्ठ्यावर नव्हे, पान सपाट टेबलावर टेकवून लिहा, नाहीतर दाबाची खूण मागच्या पानावरच्या तिकिटावर उमटते. त्या घडीच्या पट्ट्या मात्र काढू नका.